स्काऊट-गाईड पथकांना स्वयंसेवकांचे पाठबळ : सुरत शहराच्या संदर्भात एक विचार

मुलांच्या अंगी शिस्त, स्वावलंबन व सेवावृत्ती बाणविण्याच्या कामी स्काऊट व गाईड चळवळीचा किती उपयोग होतो, हे शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि या चळवळीचा गाडा प्रत्यक्षात कोणाच्या बळावर चालतो, याचा विचार फारसा होत नाही. आपल्याकडील बहुसंख्य पथके शाळांशी जोडलेली आहेत आणि शाळेतील पथक हे सामान्यतः एका शिक्षकाच्या उत्साहावर उभे असते. त्या शिक्षकाची बदली झाली, त्यांच्यावर परीक्षेचे वा निवडणुकीचे काम आले, किंवा ते सेवानिवृत्त झाले की साप्ताहिक सभा थांबतात. द्वितीय सोपानाची तयारी करीत असलेला मुलगा तेथेच अडकतो. ध्वज, दोर आणि काठ्या कपाटात बंद होतात. पथक रीतसर बंद झाल्याची नोंद कोठेही होत नाही. ते केवळ भरत नाही.

ही स्थिती टाळावयाची असेल तर पथकाच्या पाठीशी शिक्षकाखेरीज आणखी काही प्रौढ माणसे नियमितपणे उभी राहिली पाहिजेत. अशी माणसे प्रत्येक वस्तीत असतात. त्यांना शोधणे, त्यांच्यावर योग्य ते काम सोपविणे आणि त्या कामाचा परस्परांशी मेळ घालणे, यालाच येथे संयोजन म्हटले आहे. सुरतेसारख्या बहुभाषी औद्योगिक शहरात हे संयोजन कसे करता येईल, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा हेतू आहे.

चळवळीची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राऊन्सी बेटावर रॉबर्ट बेडन पॉवेल यांनी निरनिराळ्या सामाजिक थरांतील सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. स्काऊट चळवळीचा आरंभ या शिबिरापासून मानला जातो. भारतात १९०९ साली बंगलोर येथे पहिले पथक निघाले. परंतु आरंभीची पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. भारतीय मुलांना हे शिक्षण मिळावे म्हणून येथील कार्यकर्त्यांनी स्वतंत्र प्रयत्न केले. श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ साली शाहजहानपूर येथे पथक सुरू केले. १९१६ साली मद्रास येथे डॉ. ॲनी बेझंट यांनी आणि १९१८ साली अलाहाबाद येथे पं. मदनमोहन मालवीय, पं. हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर या निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट आणि गाईड’ ही संस्था अस्तित्वात आली आणि १९५१ साली गाईड संघटनाही तीत सामील झाली.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भारतीय मुलांसाठी ही चळवळ सरकारी आदेशाने सुरू झालेली नाही. ती स्वयंसेवकांनी सुरू केली. पुढे शाळांनी ती आपलीशी केली व त्यामुळे तिचा प्रसार झाला, हे खरे. परंतु शाळेच्या वेळापत्रकात शिरल्यावर ती शिक्षकाच्या कामाचा एक भाग बनली आणि समाजाचा तिच्याशी असलेला संबंध क्षीण होत गेला. तो संबंध पुन्हा जोडणे, हा या विषयाचा गाभा आहे.

संघटनेची रचना

स्वयंसेवकांना कामास लावण्यापूर्वी संघटनेची रचना माहीत असणे आवश्यक आहे. वयोमानानुसार लहान मुलांसाठी कब व बुलबुल, सुमारे दहा वर्षांपासून पुढे स्काऊट व गाईड आणि त्यावरील तरुणांसाठी रोव्हर व रेंजर असे विभाग आहेत. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो व त्याचे नेतृत्व त्यांच्यातीलच संघनायक करतो. असे काही संघ मिळून पथक होते. पथकांवर स्थानिक व जिल्हा संघटना, त्यावर राज्य संघटना आणि सर्वांवर नवी दिल्ली येथील राष्ट्रीय मुख्यालय अशी चढती रचना आहे. रेल्वेतील पथकांच्या राज्य संघटना वेगळ्या आहेत. सुरत व उधना या परिसरात रेल्वे कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती असल्याने ही बाब संयोजकांनी लक्षात ठेवावी.

मुलाची प्रगती प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्यांनी होते. पायरी चढण्यास काही महिने लागतात व मध्ये खंड पडल्यास मुलाचा उत्साह मावळतो. म्हणून सातत्य हीच पथकाची पहिली गरज आहे. उत्तम गणवेश नसला तरी पथक चालेल. ठरलेल्या दिवशी सभा भरली नाही तर मात्र ते चालणार नाही.

सुरतेची परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार सुरत शहराची लोकसंख्या ४४ लाखांहून अधिक होती. कापड व हिरे या दोन उद्योगांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबांना येथे ओढून आणले. १ मे १९६० पूर्वी सुरत हे मुंबई राज्यातच होते आणि तापी खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशाशी त्याचा संबंध जुनाच आहे. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबरच हिंदी, उर्दू, मराठी, उडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालविते.

या परिस्थितीचे संयोजनावर तीन परिणाम होतात.

(१) वेळ : यंत्रमाग व प्रक्रिया कारखान्यांतील कामगार पाळीने काम करतात. अनेकदा ही पाळी बारा तासांची असते. ‘दर रविवारी सकाळी या’ असे अशा पालकास सांगणे म्हणजे त्याला वगळणेच होय. त्याला महिन्यातून एकच दिवस, पण त्याच्या पाळीप्रमाणे आधी ठरवून दिला, तर तो आनंदाने येतो.

(२) स्थलांतर : दिवाळीत व उन्हाळ्यात पुष्कळ कुटुंबे गावी जातात. खानदेशी कुटुंबांत आखाजीचा सण महत्त्वाचा असतो. हिरे कारखान्यांना दिवाळीची सुटी दीर्घ असते. या दिवसांत शिबिर ठेवल्यास मुले व स्वयंसेवक दोन्ही मिळत नाहीत.

(३) भाषा : घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी-गुजराती असा व्यवहार करणारी मुले येथे आहेत. पथकाच्या सूचना त्यांना समजतात. अडचण पालकांच्या बाबतीत येते. संमतिपत्राचा मजकूर न समजल्यामुळे आई मुलीला शिबिरास पाठवीत नाही, असे घडू शकते. त्या वस्तीतील, त्या भाषेतील एक भगिनी घरी जाऊन बोलली तर हाच प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. स्वयंसेवक हा दोन हातांची मदत तर करतोच, शिवाय घर व पथक यांमधील दुवाही होतो.

स्वयंसेवक कोण होऊ शकेल

पथकाचे माजी स्काऊट व गाईड, महाविद्यालयीन रोव्हर व रेंजर, पालक, सेवानिवृत्त शिक्षक व रेल्वे कर्मचारी, परिचारिका, अग्निशमन दलातील निवृत्त जवान, शिवणकाम जाणणाऱ्या गृहिणी, हिशेब ठेवू शकणारा दुकानदार, असे कितीतरी लोक या कामी येऊ शकतात. प्रत्येकाने गणवेश घालून मुलांपुढे उभे राहावे अशी अपेक्षा नसावी. स्वयंसेवकांचे दोन वर्ग करणे सोयीचे ठरते. पहिला वर्ग मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा : साहाय्यक पथकप्रमुख, गाठी व प्रथमोपचार शिकविणारे, सहलीत सोबत जाणारे. दुसरा वर्ग पाठीमागून साहाय्य करणाऱ्यांचा : हिशेब, पत्रव्यवहार, साहित्याची देखभाल, शिबिराचा शिधा, वाहनाची व्यवस्था. पहिल्या वर्गाची निवड, पडताळणी व प्रशिक्षण यांबाबत कोणतीही सवलत देऊ नये. दुसऱ्या वर्गात प्रवेश सोपा ठेवावा.

कामाची वाटणी : एक उदाहरण

शिक्षकावरील भार किती व तो कसा वाटता येतो, हे एका अंदाजाने पाहू. चोवीस मुलांचे एक पथक आहे व वर्षातून चाळीस सभा होतात असे धरू. दीड तासाच्या चाळीस सभांचे साठ तास होतात. प्रत्येक सभेच्या तयारीस एक तास, म्हणजे चाळीस तास. आठ तासांच्या चार पदयात्रांचे बत्तीस तास. तीन दिवसांच्या एका शिबिराचे, रोज बारा तास धरून, छत्तीस तास. हिशेब व पत्रव्यवहार यांस दरमहा दोन तास, म्हणजे चोवीस तास. एकूण एकशे ब्याण्णव तास झाले. अध्यापन सांभाळून इतका वेळ एकट्याने देणारे शिक्षक आहेत. पण त्यांच्या नंतर काय, हा प्रश्न उरतोच.

आता याच कामाची वाटणी करून पाहावी. सभा व तयारी यांचे शंभर तास पथकप्रमुखाकडे राहतील. हिशेब व पत्रव्यवहाराचे चोवीस तास एका पालकाकडे जातील. पदयात्रा व शिबिर यांची पूर्वतयारी आणि शिधासामग्री दोघांकडे देता येईल. शिवाय प्रत्येक सभेस दुसरी प्रौढ व्यक्ती उपस्थित असावी, हा नियम पाळावयाचा असल्यास चार स्वयंसेवकांनी प्रत्येकी दहा सभा वाटून घ्याव्यात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास वर्षातून केवळ पंधरा तास येतात. ‘पथकाला मदत करा’ असे मोघम आवाहन केल्यास कोणी पुढे येत नाही. ‘वर्षातून दहा वेळा, दीड तास, या तारखांना’ असे सांगितले तर माणूस आपल्या पाळीचा विचार करून होकार वा नकार देऊ शकतो. दोन्ही उत्तरे संयोजकाच्या उपयोगाची असतात.

संयोजक व त्याची कामे

पाच-सहा पथकांमागे एक संयोजक असावा. त्याने स्वतः पथक चालवू नये. पथक चालविणाऱ्यांस माणसे व साधने मिळवून द्यावीत. त्याच्याजवळ तीन गोष्टी असाव्यात. पहिली, प्रत्येक पथकाच्या गरजांची यादी. दुसरी, स्वयंसेवकांची नोंदवही, तीत नाव, भाषा, कौशल्य, मोकळे दिवस व पडताळणीची तारीख. तिसरी, वर्षाचे वेळापत्रक. महिन्यातून एकदा पथकप्रमुखांची अर्ध्या तासाची बैठक घेऊन या तिन्हींचा मेळ घालावा.

अशा विभागवार संयोजनाचे उदाहरण सुरत जिल्ह्याला परके नाही. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात सरदार वल्लभभाई पटेल यांनी तालुक्याचे विभाग पाडून ठिकठिकाणी छावण्या उघडल्या, प्रत्येक छावणीवर जबाबदार प्रमुख नेमला आणि बातम्या व सूचना गावोगाव पोहोचविण्यासाठी सत्याग्रह पत्रिका काढली. प्रसंग वेगळा व फार मोठा होता. परंतु ठरलेला विभाग, ठरलेला माणूस व नियमित संदेश ही त्यामागील तीन सूत्रे लहान कामासही लागू पडतात.

प्रशिक्षण व प्रवेश

नव्या स्वयंसेवकास पहिल्याच दिवशी मुलांच्या स्वाधीन करू नये, आणि मुलांनाही त्याच्या स्वाधीन करू नये. त्याने प्रथम दोन-तीन सभा नुसत्या पाहाव्यात. संघपद्धती, मानसभा, वचन व नियम यांची ओळख करून घ्यावी. या चळवळीत मुलांनी स्वतः निर्णय घ्यावयाचे असतात. कामास सरावलेला प्रौढ मनुष्य सवयीने तंबूची दोरी स्वतःच बांधून मोकळा होतो. येथे त्याने हात मागे ठेवून, मुलाची गाठ सुटली तर ती पुन्हा बांधेपर्यंत थांबणे अपेक्षित असते. हे शिकण्यास वेळ लागतो. पुढे ज्यांना पथकप्रमुख व्हावयाचे असेल त्यांनी संघटनेचे मूलभूत व त्यानंतर प्रगत प्रशिक्षण पूर्ण करावे. हिमालय वुड बॅज ही त्यापुढील पात्रता होय. पंचमढी येथे संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

स्वयंसेवकाची मुदतही ठरलेली असावी. पुणे येथे १९६६ साली स्थापन झालेल्या ‘संगम’ या गर्ल गाईड चळवळीच्या जागतिक केंद्रात देशोदेशींच्या स्वयंसेविका ठरावीक काळासाठी येऊन काम करतात. सुरुवात व शेवट माहीत असलेले काम माणूस मनापासून करतो. एक वर्षाची मुदत ठेवून ती संपताना त्याचे आभार मानावेत व पुढील वर्षाबद्दल विचारावे.

सुरक्षितता

या विषयात सदिच्छा पुरेशी नाही. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला संकुलास आग लागली व तेथील शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी मृत्यू पावले. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात नाव उलटून सहलीस आलेली १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. या घटना स्काऊट पथकांच्या नाहीत. परंतु मुलांना एकत्र नेणाऱ्या प्रत्येकाने त्यांपासून बोध घेतला पाहिजे. मूल घराबाहेर असताना बाहेर पडण्याचा मार्ग, नावेची क्षमता, जीवरक्षक जाकिटे यांची चौकशी करणे हे सोबतच्या प्रौढांचे कर्तव्य आहे. ‘येथे नेहमी असेच चालते’ या उत्तरावर समाधान मानू नये. शंका आल्यास बेत रद्द करावा. त्यासाठी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा :

(अ) मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येकाची ओळख, पूर्वीच्या कामाची माहिती व पोलीस पडताळणी झालेली असावी. याला प्रतिष्ठित व्यक्तींचाही अपवाद नसावा.

(आ) कोणतीही प्रौढ व्यक्ती एका मुलासोबत एकटी, इतरांच्या दृष्टीआड राहणार नाही अशी व्यवस्था असावी. मुली असलेल्या शिबिरात महिला स्वयंसेविका असल्याच पाहिजेत.

(इ) सहलीत निदान आठ मुलांमागे एक प्रौढ असावा. निघताना, पोहोचल्यावर व परतताना मोजणी करावी.

(ई) डुमसच्या किनाऱ्यावर किंवा तापीकाठी जाताना भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी. पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम ठेवू नये.

(उ) मुलाचा रक्तगट, आजार, औषधे व पालकांचा दूरध्वनी यांची यादी सोबत असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ व संकटातील बालकांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येकास पाठ असावेत.

(ऊ) एखाद्या मुलाने लैंगिक छळाबाबत काही सांगितल्यास ते दडपून ठेवता येत नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. पथकाच्या अथवा संस्थेच्या नावास बट्टा लागेल, ही सबब चालत नाही.

सेवेची मर्यादा

सुरतेने १९६८ चा तापीचा पूर, १९९४ ची प्लेगची साथ आणि ऑगस्ट २००६ चा महापूर अनुभवला आहे. २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्याखाली होता. अशा वेळी सेवेची इच्छा मुलांच्या मनात स्वाभाविकपणे येते. परंतु पुराच्या पाण्यात मुलांना उतरविणे ही सेवा नव्हे. अठरा वर्षांवरील प्रशिक्षित रोव्हर-रेंजर यांनी प्रशासनाच्या सूचनेनुसार मदत केंद्रांवर काम करावे. लहान मुलांनी पावसाळ्यापूर्वीच आपल्या गल्लीतील वृद्ध, आजारी व एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची यादी करावी, पाणी उकळून पिण्याची व जलसंजीवनी तयार करण्याची कृती घरोघर सांगावी. पूर येण्यापूर्वी केलेली अशी यादी पूर आल्यावर अनेक हातांचे काम करते.

उत्तरायणात मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांची माहिती केंद्रांस कळविणे, गणेश विसर्जनाच्या वेळी कृत्रिम तलावांपाशी निर्माल्य वेगळे गोळा करणे, ही कामे मुलांना झेपण्याजोगी आहेत. १९९४ च्या साथीनंतर या शहराने स्वच्छतेचा जो ध्यास घेतला, त्याचे फळ म्हणजे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह मिळालेला प्रथम क्रमांक होय. त्या परंपरेत पथकांनाही आपला वाटा उचलता येईल.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही चळवळ राजकारणापासून अलिप्त आहे. पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलांना तासन्तास उन्हात उभे करणे, सभामंडपात पाणी वाटण्यासाठी वर्ग बुडविणे, याला सेवा म्हणता येत नाही. शिक्षकास अशा मागणीला नकार देणे अवघड जाते. पालक व स्वयंसेवकांची समिती मात्र नम्रपणे नकार देऊ शकते. समितीचा हा उपयोग लहान नाही.

हिशेब व साधने

वर्गणी, देणगी व ‘खरी कमाई’ यांतून आलेल्या पैशाची पावती द्यावी आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी पालकांसमोर ठेवावा. खरी कमाईचा हेतू श्रमाचे मोल कळावे हा आहे. मुलांना घरोघर पैसे मागावयास पाठविणे हा नव्हे. स्वयंसेवकाने मोबदला घेऊ नये. परंतु त्याचा प्रवासखर्च देण्यास संकोच करू नये. रोजंदारीवरील माणसास पदरमोड करावी लागली तर सेवा ही केवळ सुखवस्तू लोकांची मक्तेदारी होईल. तंबू, भांडी व दोर यांसारखे साहित्य चार-पाच पथकांनी मिळून घेतल्यास खर्च वाचतो. ते कोठे व कोणाकडे आहे याची नोंद संयोजकाकडे असावी.

बदलीनंतरचे पथक

या सर्व व्यवस्थेची कसोटी पथकप्रमुखाच्या बदलीच्या दिवशी लागते. त्यासाठी प्रत्येक पथकाची एक नोंदवही असावी. प्रत्येक मुलाची प्रगती, साहित्याची यादी, शिल्लक रक्कम, पुढील तीन महिन्यांचा कार्यक्रम व स्वयंसेवकांची नावे तीत असावीत. बदलीपूर्वी पथकप्रमुखाने ही वही समितीसमोर नव्या किंवा प्रभारी व्यक्तीस सुपूर्द करावी. नवा शिक्षक मिळेपर्यंत प्रशिक्षित साहाय्यकाने शाळेच्या संमतीने सभा चालू ठेवाव्यात. मुख्याध्यापकांनी त्यासाठी मैदान व एक खोली ठरल्या वेळी उघडी ठेवली, तरी ते मोठेच साहाय्य होईल.

ज्या शाळांत पथक आहे त्यांनी येत्या सत्राच्या आरंभी पालकांची एक बैठक घ्यावी, आपल्या गरजांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी आणि चार नावे मिळवावीत. चार माणसे ही फार मोठी मागणी नव्हे. मात्र ती चार माणसे ठरल्या दिवशी येत राहिली, तर मागावर राबणाऱ्या बापाचा मुलगा प्रवेशापासून राज्य पुरस्कारापर्यंतची वाट अर्ध्यावर न सोडता पुरी करू शकेल, आणि पुढे कधीतरी तोच आपल्या वस्तीतील पथकाचा स्वयंसेवक होईल.